मुलांचं मत घ्यायचंय? मग आधी निर्णय शोधा, मुलं नंतर बोलवा

पंचायत असो, नगरपालिका असो नाहीतर मोठी महापालिका, "यंदा मुलांनाही सामील करून घेऊ" असं ठरलं की लगेच हॉल बुक होतो, शाळांना पत्रं जातात आणि पन्नासेक मुलं युनिफॉर्म घालून येऊन बसतात. मुलं बोलतात, भरभरून बोलतात, कुणी रस्ता क्रॉस करायची भीती सांगतं, कुणी संध्याकाळी बंद असणाऱ्या लायब्ररीबद्दल सांगतं. आणि महिन्याभरानं विचारलं की यातलं नक्की कुठल्या फाईलमध्ये गेलं, तर कोणालाच सांगता येत नाही, कारण हे बोलणं जाऊन पोचावं असा एकही निर्णय त्या दिवशी समोर नव्हता. मला या विषयात सगळ्यात कळकळीनं सांगावंसं वाटतं ते हेच, की मुलांना बोलतं करणं त्यातल्या त्यात सोपं आहे, त्यांच्या बोलण्यापासून सहीच्या कागदापर्यंतचा रस्ता आधी तयार करावा लागतो आणि ते काम मोठ्यांचं आहे.

तुम्ही सदस्य असा, अधिकारी असा, शिक्षक असा, संस्थेत काम करत असा किंवा स्वतः सतरा वर्षांचे असा, खालचं सगळं तुम्हाला वापरता येईल.

आधी निर्णय

येत्या सहा ते बारा महिन्यांत तुमची पंचायत किंवा पालिका काय काय ठरवणार आहे याची यादी काढा. फक्त बाग आणि खेळाचं मैदान नको हं, मुलं सगळीकडे असतात. बसचा मार्ग, फुटपाथ, रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे नळ, कचरा उचलायची वेळ, सार्वजनिक संडास, लायब्ररीच्या वेळा, आरोग्य केंद्र, पूर आला तर कुठं जायचं त्याचा प्लॅन. यातल्या प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: सही कोण करणार, बदल कधीपर्यंत करता येईल, आणि काय आता बदलता येणारच नाही.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. समजा बागेची जागा ठरलीये, रक्कमही ठरलीये, पण फाटक कुठल्या बाजूला, बसायला काय, झाडं कुठली, दिवे किती वाजेपर्यंत, हे अजून ठरायचंय. मग मुलांना विचारायचं ते एवढंच, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांना तसं स्पष्ट सांगायचं की हे ठरून गेलंय, हे तुमच्या म्हणण्यावर ठरू शकतं. मुलांना मर्यादा सांगितली की ती नाराज होतील असं आपल्याला वाटतं पण तसं होत नाही, ती नाराज होतात ती नंतर कळल्यावर. आणि यादीतल्या एखाद्या विषयात काहीच उघडं राहिलं नसेल, नकाशा झाला, टेंडर निघालं, तर त्या विषयावर मुलांना बोलवूच नका, दुसरा विषय घ्या.

बजेटचं पण तसंच आहे. बजेटची अंतिम सभा होते तेव्हा आकडे केव्हाच बसवून झालेले असतात, म्हणून मुलांची बैठक कच्चा मसुदा बनायच्या आधी हवी. लेखा विभागात जाऊन विचारा की खात्यांकडून मागण्या कधी मागवता, ती तारीख कॅलेंडरवर टाका आणि तिथून उलटं मोजत या.

तारीख कळली की मुलांना निरोप देण्याआधी अजून एक काम, ज्याच्या हातात निर्णय आहे त्या माणसाकडून एक पान लिहून घ्या. मी स्वतः येऊन ऐकेन, इतक्या दिवसांत लेखी उत्तर देईन, आणि जे मान्य नाही त्याचं कारण देईन. तो माणूस यावर सही करायला का-कू करत असेल तर थांबलेलं बरं.

हे कशाच्या आधारावर म्हणायचं

"मुलांना काय कळतं" असं म्हणणारा एकतरी भेटतोच, त्यासाठी हे जवळ असू द्या. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ मध्ये झाला, त्याचं कलम १२ सांगतं की जे मूल स्वतःचं मत बनवू शकतं त्याला, त्याच्याशी संबंधित सगळ्या गोष्टींत, ते मोकळेपणानं मांडायचा हक्क आहे आणि वय आणि समज बघून त्या मताला योग्य ते वजन द्यायचं आहे. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. मांडू दिलं आणि टाळ्या वाजवल्या एवढ्यानं कलम पूर्ण होत नाही.

कार्यक्रम आखताना मला बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या लॉरा लंडी यांची २००७ ची मांडणी सगळ्यात कामाची वाटते. त्यांनी चार गोष्टी सांगितल्यात: जागा, आवाज, ऐकणारा आणि परिणाम. जागा आणि आवाज बहुतेक जण जमवतात. ऐकणारा म्हणजे ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे तोच माणूस, त्याचा प्रतिनिधी म्हणून पाठवलेला ज्युनियर नाही, इथं गाडी अडते. आणि परिणाम तर बऱ्याचदा कोणी तपासतच नाही. त्याआधी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना आपल्या म्हणण्यासाठी वापरून घेणं, सजावटीला उभं करणं आणि नावापुरतं बसवणं, आणि या तिन्ही त्यांनी सहभागात धरलेल्याच नाहीत. कुठल्याही कार्यक्रमाचा प्लॅन हातात घेऊन हा कुठल्या पायरीवर आहे असं टीममध्ये विचारून बघा, चर्चा लगेच खरी होते.

कोणती मुलं

शाळेला पत्र पाठवलं की शाळा वक्तृत्वात नंबर आलेली मुलं पाठवते, त्यात त्या मुलांचा दोष काहीच नाही, पण ज्या मुलाला बस मिळत नाही, जी मुलगी संध्याकाळी बाहेर पडत नाही, जो कामाला जातो, जिला व्हीलचेअर लागते, ज्याची घरची भाषा वेगळी आहे, ती यात येत नाहीत. आणि बहुतेक वेळा सेवा कुठं तुटते हे त्यांनाच माहीत असतं. म्हणून निम्म्या जागा तरी चिठ्ठ्या टाकून भरा, आणि उरलेल्यांसाठी तुम्ही त्यांच्याकडे जा. शाळाबाह्य मुलं, वसतिगृहं, क्लासच्या बाहेरचे कट्टे, खेळाची टीम, बालसंगोपन संस्था, जिथं मुलं आधीच जमतात तिथं. दिव्यांग मुलांसाठी रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी, मोठ्या अक्षरातले कागद हे आधी ठरवायचं, मूल दारात आल्यावर नाही.

मुली वेगळ्या बसवायच्या का? माझं मत, थोडा वेळ हो. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं की साधारण नऊ वर्षांच्या वयानंतर बागेत मुलींची संख्या झपाट्यानं कमी होते, मुलग्यांची तशी होत नाही. सलग मोकळी जागा असली की ती मुलगे व्यापतात आणि मुलींना प्रत्येक वेळी भांडून जागा मिळवावी लागते, मग त्या यायच्याच बंद होतात. त्यानंतर तिथं १९९९ पासून काही बागांची रचना बदलली, फुटपाथ वाढवले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली, मोठी जागा छोट्या भागांत विभागली, आणि मुली परत आल्या. "सगळ्या मुलांना काय हवं" असं एकत्र विचारलं असतं तर हे निघालं नसतं, कारण उत्तर द्यायला त्या बागेत मुलीच नव्हत्या.

वयाचं म्हणाल तर सहा ते नऊ, दहा ते तेरा, चौदा ते सतरा असे गट वेगळे ठेवा. त्याहून लहानांचंही बघता येतं. व्हॅन लिअर फाउंडेशनचा (आधीचं नाव बर्नार्ड व्हॅन लिअर फाउंडेशन) अर्बन९५ नावाचा उपक्रम एकच प्रश्न विचारतो, की ९५ सेंटीमीटर उंचीवरून, म्हणजे तीन वर्षांच्या निरोगी मुलाच्या उंचीवरून शहर कसं दिसतं. अधिकाऱ्यांना एकदा त्या उंचीवर कॅमेरा धरून रस्त्यानं चालायला लावा, पार्क केलेल्या गाड्यांपलीकडे काहीच दिसत नाही हे त्यांचं त्यांना कळतं.

अठरा ते पंचवीस हा गट मात्र वेगळाच आहे, त्यांना मुलांमध्ये घालू नका. त्यांचे विषय भाडं, नोकरी, बस, सुरक्षितता असे असतात आणि त्यांच्या वेळेला किंमत असते, सहा बैठकांना बोलवणार असाल तर प्रवासखर्च आणि मानधन द्या.

संमती आणि सुरक्षितता, यात सूट नाही

पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाची स्वतःची वेगळी घ्या, साध्या भाषेत, आणि मधेच उठून जायची मुभा आहे हे तोंडानंही सांगा. मुलासोबत मोठं माणूस एकटं असू नये, कायम दोघं. फोटोची परवानगी वेगळी विचारा, आणि फोटोला नाव, शाळा, राहण्याची जागा जोडू नका. घर किंवा रोजचा रस्ता दाखवणारे मुलांनी काढलेले नकाशे तर तसेच्या तसे कुठंही टाकू नका.

अजून एक. सुरक्षिततेवर गप्पा सुरू झाल्या की एखादं मूल घरातली किंवा शाळेतली मारहाण, छळ असं काही सांगतं. त्यासाठी आधीच एक माणूस नेमलेला हवा, पुढे कुणाला कळवायचं ते त्याला पाठ हवं, आणि मुलाला "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. मी ऐकतोय, मदत करू शकणाऱ्या माणसालाच सांगेन, असं म्हणा.

विचारायचं कसं

"तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न सगळ्यात वाईट. त्याला उत्तर येतं स्विमिंग पूल, मग मोठे हसतात, आणि मुलं काहीही मागतात असं सगळ्यांचं पक्कं होतं. मुलाच्या रोजच्या दिवसाबद्दल विचारा ना. काल संध्याकाळी कुठं होतास? तिथून का निघालास? शाळेत जाताना कुठल्या ठिकाणी पावलं भरभर पडतात? कुठं जायला आवडतं पण सोडत नाहीत, आणि का सोडत नाहीत? अशा प्रश्नांतून निघणारी माहिती इंजिनिअरला थेट वापरता येते.

आणि शक्यतो हॉलमध्ये बसून विचारू नका. सगळ्यात चांगलं म्हणजे सोबत चालणं. सहा-सात मुलांचा गट, रस्ता मुलं ठरवणार, हातात मोठा नकाशा आणि तीन रंगांचे स्टिकर, आवडतं, भीती वाटते, बदलायला हवं. मोठे मागून चालणार आणि लिहून घेणार, मुलांच्याच शब्दांत. तुमच्या शब्दांत नीटनेटकं केलंत की हरवतं, "इथं कुत्री असतात आणि लाईट नाही म्हणून आम्ही पळतो" हे वाक्य "प्रकाशव्यवस्था अपुरी" असं झालं की सभेत कोणाचीच मान वर होत नाही. शक्य असेल तर तीच वाट दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर पालकांसोबत एकदा चाला. नॉर्वेत ऑस्लो शहरानं तर शाळेच्या वाटेवरचे धोके मुलांनीच कळवावेत म्हणून ॲप बनवलं, मूल चालताना कळवतं आणि ती माहिती शहराकडे जाते. ॲप नसलं तरी चालतं, कागदाचा नकाशाही तेच काम करतो, फक्त तो कोणाच्या टेबलावर जाणार ते नक्की हवं.

जागेचं डिझाइन असेल तर मॉडेल करायला द्या, पुठ्ठा, माती, ठोकळे, काहीही. २०१२ मध्ये यूएन-हॅबिटॅट ही शहरांवर काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी मोजांग यांनी ब्लॉक बाय ब्लॉक नावाचं काम सुरू केलं, त्यात लोक, विशेषतः तरुण मुलं, त्या गेममध्येच आपल्या भागातली सार्वजनिक जागा उभी करून दाखवतात. नकाशा वाचता न येणाऱ्यालाही यात बोलता येतं.

पैशाचं विचारायचं असेल तर पैसा दिसायला हवा. प्रत्येक गटाला वीस चकत्या द्या, प्रत्येक कामाची खरी किंमत चकत्यांत लिहा, रस्त्याचा एक दिवा एक चकती, संडास आठ चकत्या असं काहीतरी, खऱ्या अंदाजपत्रकाच्या प्रमाणात. मग मुलं जे वाद घालतात ते ऐकायला लेखा विभागाचा माणूस बसवाच, कारण बारा वर्षांची मुलं देखभालीचा खर्च कोण करणार हे आपणहून विचारतात.

मोठ्यांसाठी एक नियम: मुलं बोलत असताना समजावून सांगायचं नाही. "तसं करता येत नाही कारण" हे वाक्य त्या दिवशी बंद. माहिती हवी असेल तर द्या, पण बचाव नको. चौदा-पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलांना तर नुसतं विचारू नका, सर्व्हे त्यांनाच करू द्या, प्रश्न त्यांनी ठरवायचे, इतर मुलांना त्यांनी विचारायचे, तुम्ही फक्त मोजणी नीट झाली का ते बघायचं.

सभेत नेताना

दिवसाची वेळ बघा. परीक्षा, शाळेची वेळ, रात्री उशिरा संपणारी सभा, यातलं काही असेल तर मुलं येणार नाहीत किंवा येऊन पेंगतील. विषय अजेंड्यावर पहिल्या तीनात घ्या. एकट्या मुलाला कधीच पाठवू नका, तिघं-चौघं एकत्र, आणि दोन दिवस आधी त्यांना तो हॉल दाखवून आणा, माईक कुठला, अध्यक्ष कुठं बसतात, ठराव म्हणजे काय, विरोध झाला तर काय करायचं.

सदस्यांनाही तयार करायला लागतं, किंबहुना जास्त. भाषण करायचं नाही, कौतुकाच्या दोन वाक्यांनंतर एक खरा प्रश्न विचारायचा, शॉर्टफॉर्म वापरायचे नाहीत, आणि मुलांचं झाल्यावर उठून जायचं नाही. इतिवृत्तात मुलांचं म्हणणं नीट नोंदवलं गेलं का ते दुसऱ्या दिवशी तपासा, कारण जे इतिवृत्तात नाही त्याचा पाठपुरावा कोणी करत नाही.

आणि शक्य असेल तिथं मत मांडण्याच्या पुढे जाऊन थोडा अधिकारच द्या. बोस्टन शहरानं २०१४ मध्ये दहा लाख डॉलर बाजूला काढले आणि ते कशावर खर्च करायचे याचं मतदान १२ ते २५ वयोगटानं केलं, कल्पना गोळा करण्यापासून प्रकल्पाचे प्रस्ताव बनवण्यापर्यंत तरुणच होते. एवढी रक्कम तुमच्याकडे नसेल, पण बजेटमधला छोटा हिस्सा का होईना, तो मुलांच्या मतावर खर्च होणार असं ठरलं की बैठकीचा रंगच बदलतो.

उत्तर परत नेणं

सगळ्यात जास्त इथंच राहून जातं आणि मुलांचा विश्वास इथंच तुटतो. एक तक्ता करा. मुलांनी काय म्हटलं, आपण काय ठरवलं, का, कोण करणार, कधीपर्यंत. प्रत्येक ओळीपुढे हो, थोडं, किंवा नाही. "विचाराधीन" हा शब्द तक्त्यात येऊ देऊ नका. "नाही" चालतं, खरंच चालतं, कारण पटण्यासारखं असेल तर मुलं ते ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी जास्त नेमकं मागतात. हा तक्ता पत्रानं शाळेला पाठवून मोकळं व्हायचं नाही, ज्यानं आधी ऐकून घेतलं त्याच माणसानं परत मुलांसमोर येऊन वाचून दाखवायचा.

वेळेचंही बघा. मोठ्यांचा तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे चौदा वर्षांची मुलगी तो पूर्ण होईपर्यंत सतरा वर्षांची होते, बागेत खेळायचं तिचं वय तोवर निघून जातं. म्हणून मोठ्या कामासोबत महिन्याभरात होणारं एखादं छोटं काम लगेच करा, एक दिवा, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लायब्ररी आठवड्यातून दोन दिवस उशिरापर्यंत उघडी. आणि ते मुलांच्या सांगण्यावरून झालं अशी पाटी तिथं लावा.

कायमची रचना हवी असेल तर

पहिला एक विषय पूर्ण झाल्यावरच याकडे या. बाल परिषद किंवा युवा परिषद नवी गोष्ट नाही, फ्रान्समध्ये शिल्टिगहाइम इथं १९७९ मध्ये मुलांची नगर परिषद सुरू झाली, फिनलंडच्या २०१५ च्या कायद्यानं नगरपालिकांना युवा परिषद किंवा तशी व्यवस्था असणं बंधनकारक केलं, कर्नाटकात ग्रामपंचायती मुलांच्या ग्रामसभा घेतात. टिकायला चार गोष्टी लागतात: ठरावानं मान्यता, स्वतःचा छोटा निधी, पगारी माणूस ज्याचं हेच काम आहे, आणि मुख्य सभेच्या अजेंड्यावर विषय टाकायचा अधिकार. चौथी नसेल तर परिषद हळूहळू स्वागत समारंभांना उभी राहणारी टीम होऊन जाते.

मुदत दोन वर्षांची ठेवा आणि अर्धी मुलं दरवर्षी बदला, म्हणजे जुनी मुलं नव्यांना शिकवतात. जाणाऱ्या गटानं नव्या गटाला एक वही द्यायची, आम्ही काय मागितलं, काय मिळालं, काय अडकलंय, कुठल्या अधिकाऱ्याला कुठल्या महिन्यात भेटायला लागतं. वर्षाअखेरीला हजेरी किती आणि कार्यक्रम किती हे मोजत बसू नका, त्या वहीतल्या "काय मिळालं" या पानावर किती ओळी वाढल्या ते बघा, आणि वाढल्या नसतील तर ती वही घेऊन थेट अध्यक्षांच्या केबिनमध्ये जा, मुलांना सोबत घेऊनच.